एफजीडी बनवणाऱ्या कंपनीत कपात चाललीय, मिस्टरांना राजीनाम्याचा कागद दिलाय, सही करावी का?

जुळे_सोलापूर_वहिनी

नमस्कार. थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोण काय सल्ला देणार.

माझे मिस्टर पुण्याकडच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत १४ वर्षं आहेत, कंपनीचं नाव घेत नाही. आम्ही इथं सोलापूरलाच, मी, दोन मुलं आणि सासूबाई. ते शनिवारी संध्याकाळच्या हुतात्माने येतात आणि रविवारी रात्री परत, लग्न झाल्यापासून असंच चाललंय. लागले तेव्हा कंपनी थर्मल पॉवर स्टेशनच्या बॉयलरचे पार्ट बनवायची, पॅनेल, कॉइल, हेडर वगैरे. नंतर ती कामं आटली, सगळे म्हणायला लागले कोळशाचं संपलं आता सगळं सोलर होणार, तेव्हापण बरीच माणसं कमी केली पण यांचं वाचलं, कारण कंपनीनं एफजीडीचं काम धरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिमणीतून धूर बाहेर जायच्या आधी त्यातला गंधकाचा वायू काढून टाकायचा प्लांट असतो तो, चुनखडीच्या पाण्यानं धूर धुतात. तेव्हा मोठ्या साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून सांगितलं होतं की सरकारचा नियमच आहे, देशातल्या सगळ्या कोळशाच्या प्लांटला हे बसवावंच लागणार, दहा वर्षं मान वर करायला वेळ मिळणार नाही. यांनी त्यासाठी हॅस्टेलॉयचं (अ‍ॅसिडला टिकणारा निकेलचा मिश्रधातू) वेल्डिंग शिकून घेतलं, चिमणीच्या आणि डक्टच्या आतून त्या पातळ पत्र्याचं अस्तर लावतात ते काम, नाजूक असतं म्हणे, पत्रा जळला की गेला.

मग २०२५ च्या जुलैमध्ये नियमच बदलला, बहुतेक प्लांटना हे बसवायची गरज नाही म्हणून. ज्या ऑर्डरी येणार होत्या त्या आल्याच नाहीत आणि दोन चालू कामं थांबली. दिवाळीपर्यंत ओव्हरटाईम बंद, मग तिसरी शिफ्ट बंद, आणि आता एचआरवाले पाच-पाच जणांना बोलावून कागद देतायत. यांनी फोटो पाठवलाय व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यात लिहिलंय की मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे आणि माझी कंपनीकडे कोणतीही मागणी शिल्लक राहिलेली नाही. खाली तारीख मोकळी सोडलीय. तोंडी सांगतायत की वर्षाला ४५ दिवसांचा पगार धरून एकूण ७ लाख मिळतील, पण महिनाअखेरपर्यंत सही केली तरच, नंतर यातलं काही मिळणार नाही.

वय ४१. बेसिक आणि डीए मिळून २४ हजार, सगळं धरून ३८ हजाराच्या आसपास. घराचा हप्ता १३ हजार. परमनंट माणसं कंपनीत अडीचशेच्या आसपास असतील, बाकी सगळी कंत्राटी.

माझा भाऊ म्हणतो दाजी पैसे घ्या आणि इथं येऊन सोलरची एजन्सी टाका, जमाना त्याचाच आहे. दीर म्हणतात गल्फला जा. सासूबाई म्हणतात घरी या, मीठभाकरी खाऊ पण एकत्र राहू. आणि हे स्वतः काहीच बोलत नाहीत, रविवारी दिवसभर पंख्याचं रेग्युलेटर खोलून बसले होते. काय करावं?

मधला_मारुती

ताई सही करू नका. निदान या आठवड्यात तरी नाही. "आत्ताच करा नाहीतर काही मिळणार नाही" असं म्हणणारा माणूस कागद वाचू द्यायला घाबरतोय एवढं समजून घ्या. बाकी कायद्याचं जाणकार सांगतील, मी आपला पहिला पळत आलो.

कामगार_कायदा_सोलापूर

वहिनी, तुम्ही कागदातला मजकूर जसाच्या तसा लिहिलात ते बरं केलंत कारण सगळी मेख तिथंच आहे.

तुम्ही त्याला व्हीआरएस, म्हणजे पैसे देऊन स्वेच्छानिवृत्ती, समजताय आणि तोंडी तेही तसंच बोलतायत, पण कागदावर जे आहे तो साधा राजीनामा आहे, "वैयक्तिक कारणास्तव". या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. व्हीआरएस असेल तर कंपनीची लेखी स्कीम असते, कोणाला लागू, किती दिवसांचे पैसे, कधी मिळणार, सगळं छापलेलं. त्या पैशातले ५ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स माफ असतो, पण स्कीम नियमात बसणारी असावी लागते, म्हणजे १० वर्षं नोकरी किंवा ४० वर्षं वय, रिकामी झालेली जागा परत भरायची नाही, आणि माणसानं त्याच मॅनेजमेंटच्या दुसऱ्या कंपनीत लागायचं नाही. साध्या राजीनाम्यावर कोणी ७ लाख दिले तर ती माफी मागायची कशाच्या जोरावर? आणि ते दिलेच नाहीत तर? कागदावर तर आकडाच नाही, उलट "मागणी शिल्लक नाही" असं तुम्हीच लिहून देताय.

आता आकडा बघू. २४ हजारावर ४५ दिवस म्हणजे वर्षाला ३६ हजार, गुणिले १४, ५ लाख ४ हजार. ग्रॅच्युइटी २४ हजार भागिले २६ गुणिले १५ गुणिले १४, ती येते १ लाख ९४ हजाराच्या जवळ. बेरीज करा, ७ लाखच होतात. म्हणजे त्यांनी ग्रॅच्युइटी आत घालून आकडा फुगवलाय. ग्रॅच्युइटी काही बक्षीस नाही, पाच वर्षं झालेल्या माणसानं उद्या सकाळी आपणहून नोकरी सोडली तरी ती द्यावीच लागते, तीसुद्धा ३० दिवसांत. शिल्लक रजेचे पैसे वेगळे, ते यात कुठंच दिसत नाहीत, विचारा.

पण दुसरी बाजूपण ऐका, नाहीतर लोक उगाच अडून बसतात. सही केली नाही आणि कंपनीनं रीतसर कपात केली तर कायद्यानं किमान किती मिळतं? एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि वर्षाला १५ दिवस. म्हणजे तुमच्या हिशोबानं १ लाख ६८ हजार, अधिक नोटीसचा महिना, अधिक ग्रॅच्युइटी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात कपात झालेल्या कामगाराला री-स्किलिंग फंडातून आणखी १५ दिवसांचा पगार आहे. सगळं धरूनसुद्धा ५ लाख ४ हजारापेक्षा बरंच कमी. म्हणून ४५ दिवसांची ऑफर वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कागद वाईट आहे.

आणखी एक. पूर्वी १०० च्या वर कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी लागायची, आता तो आकडा ३०० झालाय. तुमच्याकडं परमनंट अडीचशे म्हणताय, म्हणजे कंपनी परवानगीशिवाय कपात करू शकते असं धरूनच चाला. शेवटी लागलेला आधी बाहेर हा नियम मात्र आहे, १४ वर्षंवाल्याला आधी बोलावलं असेल तर का ते विचारता येतं. कपात झालेल्याला एका वर्षाच्या आत भरती निघाली तर आधी बोलवायचं हेसुद्धा आहे. राजीनामा दिला की ही दोन्ही शस्त्रं गेली.

मिस्टरांचं डेजिग्नेशन काय?

जुळे_सोलापूर_वहिनी

दोन वर्षांपूर्वी असिस्टंट फोरमन केलं, पगार काही वाढला नाही फारसा, आणि वेल्डिंगची टॉर्च अजून यांच्याच हातात असते.

कामगार_कायदा_सोलापूर

तेच वाटलं होतं. सुपरवायझर आणि पगार १८ हजाराच्या वर असेल तर तो "कामगार" नाही, त्याला यातलं बरंच काही लागू नाही, असं कंपनी म्हणणार. पण पदाच्या नावाला महत्त्व नाही, प्रत्यक्ष काम काय करतात त्याला आहे. वेल्डिंगच्या नोंदी, जॉब कार्ड, ज्यावर त्यांचा वेल्डर नंबर आहे असे रिपोर्ट, यांचे फोटो आत्ताच काढून ठेवायला सांगा, गेट बंद झाल्यावर मिळत नाहीत.

टर्बाईन_निवृत्त

कायद्याचं वर आलंय, मी धंद्याचं सांगतो, आयुष्य याच लाईनमध्ये गेलं.

कोळसा संपला, सोलर आलं, म्हणून माणसं गेली असं सरळ गणित लोक मांडतात पण या धंद्यात ते तसं कधीच चाललेलं नाही. तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. मिस्टरांची नोकरी सोलरनं खाल्लेली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये नियम आला की थर्मल प्लांटनी दोन वर्षांत सल्फर डायऑक्साइड, म्हणजे तोच गंधकाचा वायू, कमी करायचा, मग मुदत वाढवली, परत वाढवली, परत वाढवली, आणि ११ जुलै २०२५ ला सांगितलं की दिल्लीच्या आसपासचे आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळचे जे प्लांट त्यांनी बसवायचंच, प्रदूषित शहरांजवळच्यांचं एकेक बघून ठरवायचं, उरलेल्यांना गरज नाही. उरलेले म्हणजे साधारण ७८ टक्के युनिट. कुठल्याही कारखान्याची तीन चतुर्थांश बाजारपेठ एका कागदानं गेली तर तो काय करणार? बरं, कोळसा तिथंच आहे, प्लांट तिथंच, चिमणी तिथंच.

आता हे बघा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सीमेन्स या जर्मन कंपनीनं जाहीर केलं की जगभरात ६,९०० नोकऱ्या कमी करणार, त्यातल्या निम्म्याच्या आसपास एकट्या जर्मनीत. कारण काय दिलं, तर मोठी गॅस टर्बाईन वर्षाला ४०० बनतील एवढी जगातल्या कारखान्यांची ताकद आणि मागणी येऊन थांबणार ११० च्या आसपास. गोर्लिट्झ नावाचं पोलंडच्या सीमेवरचं छोटं गाव, तिथला स्टीम टर्बाईनचा जुना कारखाना बंद करायचं ठरलं, अख्खं गाव रस्त्यावर उतरलं आणि शेवटी तो कारखाना वाचला. पुढच्याच महिन्यात जीई या अमेरिकन कंपनीनं पॉवर विभागात १२,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं. याच जीईनं २०१५ मध्ये आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीचा वीज धंदा विकत घेतला होता, उतार सुरू व्हायच्या तोंडावर! पुढं सीमेन्समधून सीमेन्स एनर्जी वेगळी झाली आणि २०२१ मध्ये आणखी ७,८०० चं जाहीर केलं. त्या काळात आमच्या ओळखीची हुशार पोरं लाईन सोडून सॉफ्टवेअरला गेली, त्यांना कोण काय म्हणणार.

आणि आज? डेटा सेंटरना वीज पाहिजे म्हणून तीच गॅस टर्बाईन मिळेनाशी झालीत, पुढच्या काही वर्षांचे स्लॉट आधीच पैसे भरून बुक होतायत. ज्यांनी २०१७ ला आकडे दाखवून माणसं काढली त्यांनाच आता कारखाने वाढवायचेत आणि हात सापडत नाहीत. आपल्याकडं भेल या सरकारी कंपनीला २०२४-२५ मध्ये ९० हजार कोटींच्या वर ऑर्डर मिळाल्या, त्यात मोठा वाटा थर्मलचा, कारण सरकारनंच ठरवलंय की २०३२ पर्यंत आणखी ८० गिगावॅट कोळशावरचं उभारायचं. जुलै २०२५ मध्येच आणखी एक बातमी होती की देशातली निम्मी वीजक्षमता आता बिगर-कोळसा, बिगर-गॅस वगैरे झाली. दोन्ही खरं आहे, क्षमता निम्मी आणि प्रत्यक्ष वीज अजून बहुतेक कोळशावरच.

म्हणून वहिनी, एक विचारतो. बॉयलरची कामं परत आलीत, मग तुमच्या मिस्टरांची कंपनी ती का घेत नाही?

जुळे_सोलापूर_वहिनी

काका मी हेच विचारलं यांना. म्हणाले पॅनेल वेल्डिंगचं मोठं मशिन होतं ते मंदीत विकलं, ती शेड मोकळी करून तिथं रबर लायनिंगचं काम सुरू केलं. बॉयलरची जुनी माणसंपण तेव्हाच गेली. आता ऑर्डर आली तरी करणार कशावर आणि कोण.

टर्बाईन_निवृत्त

झालं की मग. यात कोळशाचाही दोष नाही आणि सूर्याचाही. मंदीत लोखंड विकलं, माणसं विकली, तेजीत हात चोळत बसले. हे मी तीन कारखान्यांत बघितलंय. अशा कंपनीत अडकून राहण्यात फार अर्थ नाही असं माझं मत, पण निघायचं तर पैसे मोजून घेऊन.

अक्कलकोट_रोड

एफजीडीचा नियम बदलला ते बरंच झालं असं म्हणणारे पण आहेत. आपल्या कोळशात गंधक मुळात कमी, आणि मेगावॅटला कोटभर रुपये घालायचे ते शेवटी तुमच्या-माझ्या लाईटबिलातच येणार होते. इंडस्ट्रीवाले युनिटला २५-३० पैसे सांगत होते.

मधला_मारुती

@अक्कलकोट_रोड काय बोलूलालाव बे. सोलापूर त्या हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत आहे माहितंय ना? फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० चे दोन युनिट चालतात, बाजूला साखर कारखान्यांच्या चिमण्या, वर आपल्या रस्त्यांची धूळ. त्या वायूची पुढं हवेतच बारीक धूळ बनते आणि ती लांबपर्यंत जाते, ती काय लाईटबिल बघून नाकात शिरते का.

अक्कलकोट_रोड

बरं बाबा. पण तो विषय इथला नाही, वहिनींचं चालू द्या.

चिंचोली_वर्कशॉप

मी चिंचोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, छोटंच आहे. भावाला सांगा ताई, सोलर एजन्सीच्या भानगडीत सगळे पैसे घालू नका. कारण सांगतो.

छतावरच्या सोलरला आता सबसिडी आहे, ३ किलोवॅटला ७८ हजार, त्यामुळं ज्याच्या-त्याच्या भावाची एजन्सी निघालीय, होटगी रोडला एका ओळीत बोर्ड दिसतील. पॅनेल आणायचं, पोरं लावून बसवायचं, कागदपत्रं करायची आणि पैशासाठी मागं फिरायचं, मार्जिन पार पातळ झालंय. यात १४ वर्षं वेल्डिंग केलेल्या माणसाच्या हाताला काय काम? स्ट्रक्चर तर आता गॅल्व्हनाइज्ड येतं, बोल्ट मारायचे. शेताकडचे मोठे सोलर प्लांट उभे राहतायत ते खरं, सौर कृषी वाहिनीचे, पण तिथं काम सहा-आठ महिन्यांचं, पाया, स्ट्रक्चर, केबल. प्लांट चालू झाला की दोन वॉचमन, गवत काढणारे आणि पॅनेल पुसणारे. थर्मल प्लांटला पिढ्यान्‌पिढ्या माणसं लागतात तसं इथं नाही, हे कोणी सांगत नाही.

उलट मिस्टरांकडं जे आहे ते सोलापुरात कमी लोकांकडं आहे. हॅस्टेलॉय सी-२७६ चं टिग, म्हणजे आर्गॉन वायूतलं बारीक वेल्डिंग, करणारा माणूस! इथं केमिकल आणि बल्क ड्रगच्या कंपन्या आहेत, चिंचोलीत आहेत, तामलवाडीकडं आहेत, त्यांच्या रिअ‍ॅक्टरला, कंडेन्सरला, पाइपिंगला असलीच धातू लागते कारण अ‍ॅसिड साध्या स्टेनलेसला खाऊन टाकतं. दुरुस्तीला मी पुण्याहून, कधी वापीहून वेल्डर आणतो, त्याचं जाणं-येणं, राहणं, दिवसाचा रेट, सगळं देतो, आणि तो आला तरी दोन दिवस उशिरा. रूट पास, म्हणजे जॉइंटचा पहिला थर, मारताना आतून आर्गॉन नीट भरला नाही तर आतली बाजू काळी पडते, साखरेच्या खड्यांसारखी होते, आणि तो जॉइंट पहिल्या टेस्टला गळतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक कंडेन्सर मी परत करून दिला पदरचे पैसे घालून. ज्याला हे कळतं तो माणूस घरी पंख्याचं रेग्युलेटर खोलत बसलाय हे वाचून कसंतरी झालं.

साखर कारखान्यांचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने आहेत, बॉयलरचं काम हंगाम संपला की निघतं, एप्रिल ते सप्टेंबर. काम भरपूर, पण पैसे? पुढच्या गाळपाला. त्यावर घराचा हप्ता धरू नका. डिस्टिलरीचं त्यातल्या त्यात बरं.

आणि एक, ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवणाऱ्यांकडं सध्या रांग आहे. वाऱ्याची वीज असो, सोलर असो, कोळसा असो, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांनाच लागतो. तिथं साधं मिग वेल्डिंग चालतं, पगार मिस्टरांच्या आत्ताच्यापेक्षा कमी मिळेल हे आधीच सांगतो.

वेल्डर क्वालिफिकेशनचे कागद त्यांच्याकडं आहेत का, थर्ड पार्टी इन्स्पेक्टरच्या सहीचे? ते कंपनीच्या फाइलमध्ये राहतात आणि माणूस मोकळ्या हातानं बाहेर येतो. ती कॉपी ७ लाखांएवढीच कामाची आहे.

गिरणगावचा_नातू

माझे आजोबा इथल्याच एका मिलमध्ये साचेवाले होते. मिल बंद पडली तेव्हा जी रक्कम हातात आली त्यात आत्याचं लग्न झालं, राहत्या घरावर पत्रे पडले आणि एक म्हैस आली. वर्षभरात सगळं संपलं. नंतर त्यांनी पॉवरलूमवर काम धरलं, जे मिलमध्ये आठ तासांत करायचे ते बारा तास उभं राहून. आजी विड्या वळायची तेवढ्यावर आमचा बाप शिकला.

सांगायचं एवढंच की पैसे एकदम हातात आले की घरातल्या प्रत्येकाला आपली राहिलेली गरज आठवते. वहिनी, हप्ता चालू ठेवायला किती महिने लागतील तेवढी रक्कम आधी बाजूला काढा, दिराला आणि भावाला आकडा सांगू नका. कडू वाटेल.

पीएफला हात लावू नका हे पण. १० वर्षं झालीत म्हणजे ५८ नंतरची पेन्शन पक्की आहे, नवीन ठिकाणी लागले की त्याच नंबरवर ट्रान्सफर करा.

गेट_नंबर_दोन

सगळं वाचलं. मी अशाच एका कंपनीत होतो, कंत्राटी, नऊ वर्षं. आम्हाला कागदपण दिला नाही कुणी. एका सोमवारी कार्ड लावलं तर मशिननं लाल दिवा दाखवला, सिक्युरिटीवाला म्हणाला कॉन्ट्रॅक्टरला विचार, कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद. डबा हातात घेऊन परत रूमवर. माझ्याबरोबर अजून बरेच होते, सगळे मोहोळ, माढा, अक्कलकोटकडचे.

वहिनी राग मानू नका पण ४५ दिवस की १५ दिवस हे वाचताना हसू आलं. आणि एक सांगतो जे वर कुणी लिहिलं नाही. आमच्याकडं राजीनामा घेतलेल्या परमनंट लोकांपैकी काहींना तीन-चार महिन्यांनी परत बोलावलं, कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, निम्म्या पगारात, त्याच मशिनवर. काही जण गेले. मिस्टरांना "काळजी करू नका परत बोलावतो" असं कुणी सांगितलं असेल तर त्याचा अर्थ हा.

जुळे_सोलापूर_वहिनी

@गेट_नंबर_दोन भाऊ राग कसला. अगदी हेच बोललेत, प्रॉडक्शनच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की काम आलं की पहिला फोन तुला. हे त्यावरच विश्वास ठेवून बसले होते असं आता कळतंय.

सगळ्यांना सांगते काय केलं ते. हे सगळं मी यांना वाचून दाखवलं फोनवर. सही केलेली नाही. कंपनीला ईमेल केलाय, वकीलसाहेबांनी वर लिहिलंय त्याप्रमाणे, की स्कीम लेखी द्या, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे वेगळे दाखवा, आणि राजीनाम्यात "वैयक्तिक कारणास्तव" काढून स्कीमचं नाव घाला. ईमेल यांच्या मोबाइलवरून माझ्या भाचीनं टाइप केला, इंग्लिशमध्ये. बरोबरच्या अजून काही जणांनी तसाच पाठवला, त्यामुळं एचआरवाले जरा गडबडलेत, महिनाअखेरची तारीख पुढं ढकललीय असं तोंडी सांगितलं. मी म्हटलं तेपण लेखी मागा.

वेल्डिंगच्या सर्टिफिकेटच्या कॉपी दोन मिळाल्या, हॅस्टेलॉयची मिळत नाहीये, क्वालिटीवाला म्हणतो फाइल साइटवर गेलीय.

गल्फचं यांनीच नको म्हटलं. सासूबाईंचं वय बघता मलापण नको वाटतं. भाऊ नाराज आहे.

चिंचोली_वर्कशॉप

हॅस्टेलॉयचं नाही मिळालं तरी अडत नाही ताई, टेस्ट पीस मारून परत क्वालिफाय करता येतं, इन्स्पेक्टर बोलावून. पत्र्याचा आणि वायरचा खर्च येतो, सी-२७६ ची फिलर वायर महाग आहे, पण मला तसाही माणूस लागणारच आहे, शनिवारी सोलापुरात असतील तर रविवारी सकाळी शेडवर पाठवा, मी एक पाइप जॉइंट देतो मारायला. नोकरी देतो असं आत्ताच म्हणत नाही. माझ्याकडं महिन्याला असलं काम जेमतेम दहा-बारा दिवसांचं असतं, बाकीचे दिवस साधं स्टेनलेस आणि एमएस, म्हणजे साधं लोखंड. जॉइंट चांगला आला तर मी आणि अजून एक-दोन वर्कशॉपवाले मिळून दिवसाच्या रेटवर ठेवू शकतो, तो हिशोब समोर बसून करू. आत्ताचा ३८ हजार लगेच निघेल असं सांगून फसवणार नाही, पुण्यातली खोली आणि दर आठवड्याचं जाणं-येणं वाचेल तेवढं धरा. मेसेज केलाय पत्ता.

गेट_नंबर_दोन

वकीलसाहेब, आमच्यासारख्यांना काही आहे का हो? नऊ वर्षांत कॉन्ट्रॅक्टर तीनदा बदलला, मशिन एकच. पीएफ कापायचे पण किती भरला काय माहीत.

कामगार_कायदा_सोलापूर

आहे. आधी यूएएन नंबर टाकून पीएफचं पासबुक काढा, त्यात प्रत्येक महिन्याला कोणत्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं पैसे भरलेत ते दिसतं, कुठं खंड आहे तेही दिसतं. कापून भरला नसेल तर त्याची वेगळी तक्रार, आणि कॉन्ट्रॅक्टर पळाला तर मूळ कंपनीलासुद्धा धरता येतं. ग्रॅच्युइटीला कॉन्ट्रॅक्टर बदलल्याची अडचण ते काढणार, पण गेट पास, हजेरी, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, एकाच मशिनवर सलग होता हे दाखवणारं जे असेल ते गोळा करा. ईएसआय कापत होते ना? मग बेकारी भत्त्याची योजना आहे त्यात, ९० दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या निम्मे मिळतात, अटी आहेत, बाळीवेशीत बसून ऐकीव माहिती घेऊ नका, ईएसआयच्या ऑफिसला कार्ड घेऊन जा. नोकरी गेल्याची तारीख कोणती?

गेट_नंबर_दोन

तारीख म्हणजे तो लाल दिवा लागला तो सोमवार. कागद काहीच नाही.

कामगार_कायदा_सोलापूर

त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरला केलेले फोन मोबाइलमध्ये असतील, मेसेज असतील, बरोबरच्या पोरांचे पण असतील. स्क्रीनशॉट काढा आणि सगळ्यांची नावं, गावं, पास नंबर एका कागदावर लिहून आणा. एकटे येऊ नका.